अर्धा कोयता

सावेडी, अहिल्यानगर
२ जून

चि. माऊ,


तुझं पत्र मिळालं. मास्टर्सचा निकाल लागला आणि आता डॉक्टरेट करायचीच असं तू ठरवलंस, याचा मला फार आनंद झाला. आपल्या घरात मुलींच्या शिक्षणाला कुणी कधी आडकाठी केली नाही, पण एवढ्या पुढचा विचार करणारी तू पहिलीच. अमेरिकेत जाऊन ओटीडी करू की इथेच पीएचडीला नाव नोंदवू, असं तू विचारलं आहेस. दादाचाही काल फोन आला होता. त्याला खर्चाची काळजी, वहिनीला तुझ्या लग्नाची. त्या दोघांशी मी बोलेन. तुझ्याशी मात्र मला कामाविषयी बोलायचं आहे, आणि ते फोनवर नीट होत नाही.

आधी या दोन पदव्यांचा गोंधळ मिटवू. ओटीडी ही ऑक्युपेशनल थेरपीतली रुग्णसेवेची डॉक्टरेट आहे, संशोधनाची नव्हे. अमेरिकेत दुसऱ्या कुठल्या विषयातली पदवी घेऊन आलेली मुलं साधारण तीन वर्षांत ती करतात. त्यात चोवीस आठवडे प्रत्यक्ष रुग्णांबरोबर काम असतं आणि वर चौदा आठवड्यांचा, म्हणजे ५६० तासांचा, एक प्रकल्प. तू आधीच ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहेस, त्यामुळे तुला व्यवसायात असलेल्यांसाठीची ओटीडी करावी लागेल. ती याहून लहान असते. आणि एक गोष्ट नीट ध्यानात ठेव. तिथे कामाला लागायचं तर डॉक्टरेट पाहिजेच, असं तुला कुणीतरी सांगितलेलं दिसतं. २०१७ साली तिथल्या मान्यता देणाऱ्या मंडळानं तसं ठरवलं होतं खरं, २०२७ पासून प्रवेशाची पदवी डॉक्टरेटच असावी म्हणून. पण व्यवसायातल्याच लोकांनी हरकत घेतली आणि २०१९ मध्ये मास्टर्स आणि डॉक्टरेट हे दोन्ही मार्ग खुले राहिले. नोकरीसाठी तुला तिथल्या एनबीसीओटी या प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाची परीक्षा आणि त्याआधी इथल्या शिक्षणाची छाननी, हे करावं लागेल. त्यासाठी डॉक्टरेटचं कर्ज डोक्यावर घ्यायची गरज नाही. तिकडे जाऊन काम करावंसं वाटत असेल तर अवश्य जा, मी तुला अडवणार नाही. चांगले थेरपिस्ट तिथेही लागतातच.

पीएचडी ही वेगळी वाट आहे. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. मुलींना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत आहे. लग्न, बाळंतपण या गोष्टी मधे आल्या तरी त्या सवलतीमुळे काम सोडावं लागणार नाही, हे वहिनीला मुद्दाम सांग. सुरुवातीला कोर्सवर्क, मग आराखडा, मग नैतिकता समितीची मंजुरी, आणि तिथून पुढे खरं काम. प्रबंध देण्याआधी शोधनिबंध छापलेलाच हवा, ही सक्ती त्या नियमांनी काढली. तू मात्र लिहीत जा. छापलं नाही तर आपलं काम पुढच्या मुलींना सापडत नाही, आणि त्यांना पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते.

नियम झाले. पण माझ्या मते तू प्रश्न उलट्या क्रमानं विचारते आहेस. कुठे करू, कुठली पदवी घेऊ, हे नंतर. तुला काय शोधायचं आहे, ते आधी सांग. तुझ्या चार पानी पत्रात विद्यापीठांची नावं आहेत, फीचे आकडे आहेत, पण रुग्ण एकही नाही. मास्टर्सच्या प्रबंधात तू पक्षाघाताच्या रुग्णांच्या हातांवर काम केलंस, ते मी वाचलं आहे. ते हात कुणाचे होते? ते लोक आधी काय करत होते, नंतर काय करू लागले? ते त्यात कुठेच आलं नाही. हा दोष तुझा एकटीचा नाही. आपण ज्या मापांनी मोजतो, त्या मापांत ते विचारलेलंच नसतं.

बार्थेल इंडेक्स तुला पाठ आहे. १९६५ साली अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये फ्लोरेन्स महोनी आणि डोरोथिया बार्थेल यांनी प्रसिद्ध केलेला. दहा गोष्टी, शंभर गुण. जेवणाच्या गुणांत रुग्णाला घास कापून द्यावा लागतो का, पावाला लोणी फासून द्यावं लागतं का, असं पाहायचं असतं. मला सांग, पारनेरच्या एखाद्या आजोबांना उजव्या अंगावरून वारं गेलं, तर त्यांची अडचण लोणी फासण्याची असते का? बाजरीची भाकरी एका हातानं मोडत नाही, ही त्यांची अडचण असते. कालवणात कुस्करायला सुद्धा आधी तुकडा तुटावा लागतो. आणि त्याहून मोठी अडचण ते तोंडानं बोलत नाहीत. उजवा हात गेला म्हणजे डाव्यानं जेवावं लागतं. आयुष्यभर जो हात शौचाला वापरला तो ताटात घालायचा. पंक्तीत बसायला ते नको म्हणू लागतात. घरचे समजतात, म्हातारा चिडचिडा झाला. इंडेक्सवर त्यांना जेवणाचे दहापैकी दहा मिळतात, कारण ते स्वतःच्या हातानं जेवतात. माणूस मात्र पंक्तीतून उठून गेलेला असतो.

तीच गोष्ट हाताच्या दुखापतींची. १९९६ पासून जगभर वापरली जाणारी डॅश नावाची तीस प्रश्नांची प्रश्नावली तू वापरली आहेस. बरणीचं झाकण उघडता येतं का, किल्ली फिरवता येते का, असे प्रश्न त्यात आहेत, ते आपल्यालाही चालतात. पण पुढे करमणुकीचे खेळ विचारताना उदाहरणं येतात ती गोल्फ, टेनिस आणि फ्रिस्बीची. प्रश्नावली ज्यांनी केली त्यांनी त्यांच्या लोकांना डोळ्यांसमोर ठेवून चांगलीच केली. आपल्या लोकांना डोळ्यांसमोर ठेवायचं काम आपलं होतं.

आपल्या जिल्ह्याचा हात कसा आहे ते तुला सांगायला नको, तू इथेच वाढलीस. पण शहरात राहिल्यामुळे पाथर्डी-शेवगावचं दुःख तुझ्या कानावर फारसं आलं नसेल. दसरा झाला की तिकडची गावं रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेऊन नवरा-बायको ऊसतोडीला साखर कारखान्यांच्या तळावर जातात ते पाडव्याच्या आसपास परत येतात. मजुरी टनावर मिळते आणि हिशेब जोडप्याचा होतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता.

कडबाकुट्टीत उजव्या हाताची दोन बोटं गेलेली एक बाई माझ्याकडे आली होती. पाथर्डी तालुक्यातली, वय तिशीच्या आत. शस्त्रक्रिया चांगली झाली होती. जखम भरली होती, उरलेल्या बोटांत ताकद होती, व्रणही मऊ पडत होता. कागदावर तिची प्रगती उत्तम होती. मी तिला विचारलं, आता काय येत नाही? ती म्हणाली, मोळी बांधता येत नाही. ऊस तोडायचा, पाचट सोलायचं, मोळी करून वाढ्याला, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पाल्याला, पीळ देऊन गाठ मारायची, मग डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. बाकी सगळं ती ओढून-ताणून करत होती. पीळ मात्र बसत नव्हता. त्यामुळे नवऱ्यानं ऊस तोडायचा आणि मोळ्याही त्यानंच बांधायच्या, असं झालं. टोळीतल्या बायका दुपारी बांधून मोकळ्या होत, यांची मोळी संध्याकाळपर्यंत पडून राही. पुढच्या हंगामाला मुकादमानं त्यांना निम्मी उचल देऊ केली. त्या घरातली दोन बोटं म्हणजे निम्मं वर्ष होतं, माऊ.

आम्ही तिला तो पीळ शिकवला. तळहाताच्या टाचेनं दाब द्यायचा आणि अंगठ्याच्या बाजूनं वाढं वळवायचं. तिच्या बोटांच्या खुंटांना चामड्याची टोपणं करून दिली. तिनंच घरून वाढे आणले होते, कारण आमच्या ऑक्युपेशनल थेरपी विभागात हिरवे, लाल, पिवळे पेग आणि लाकडी ठोकळे होते, वाढे नव्हते. ती शिकली. परंतु यातलं काहीही मी कुठे लिहून ठेवलं नाही, कारण ते लिहायला रकाना नव्हता. तो रकाना तू तयार कर, एवढंच मला तुला सांगायचं आहे. तुझी डॉक्टरेट हीच असू दे.

आता हे काम किती मोठं आहे ते बघ. शेतात आणि तळावर हातानं होणारी कामं आधी नीट पाहायची, बायकांच्या आणि पुरुषांच्या तोंडून त्यांची यादी करायची. त्यातली कुठली कामं दुखापतीनंतर आधी परत येतात आणि कुठली येतच नाहीत, ते शोधायचं. मग त्यावरून प्रश्नावली रचायची. ती तज्ज्ञांना दाखवायची, तशीच तळावरच्या बायकांनाही, कारण या विषयातल्या तज्ज्ञ त्याही आहेत. दोन वेगवेगळ्या थेरपिस्टनी एकाच रुग्णाला विचारलं तर सारखेच गुण येतात का, आठवड्यानं पुन्हा विचारलं तर तेच येतात का, रुग्ण खरोखर सुधारला की गुण हलतात का, आणि किती गुण हलले म्हणजे त्या बाईच्या आयुष्यात काही फरक पडला असं म्हणायचं. हे सगळं सिद्ध करता करता तीन वर्षं कशी जातील कळणार नाही. संख्याशास्त्र तुला येतं. मला यायचं नाही, म्हणून मी यात पडले नाही.

कॅनेडियन मापाविषयी तू म्हणशील, ते मला माहीत आहे. सीओपीएममध्ये रुग्णालाच विचारतात, तुला काय करता यायला हवं आहे, ते तुला किती महत्त्वाचं वाटतं, किती जमतं, किती समाधान आहे. एक ते दहा. विचार फार सुंदर आहे, आणि १९९१ पासून त्यानं आपल्या व्यवसायाला पुष्कळ शिकवलं. पण आमच्याकडे सुनेला हा प्रश्न विचारला की उत्तर सासू देते. सून एकटी असली तरी म्हणते, घरच्यांचं झालं म्हणजे झालं. तिला स्वतःसाठी काही मागायची सवयच नसते. तिच्याकडून उत्तर कसं मिळवायचं, कुणासमोर विचारायचं, कुणासमोर नाही, हाही तुझ्या संशोधनाचा भाग होऊ शकतो. तिथे आकडे थोडे कमी आणि ऐकणं जास्त लागेल. गुणात्मक पद्धत नीट शिकून घे, ती सोपी वाट म्हणून कुणी सुचवली तर विश्वास ठेवू नकोस.

इथलं पाहून इथल्यासाठी करायची ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. आशियातली ऑक्युपेशनल थेरपीची पहिली शाळा १९५० साली मुंबईत केईएम हॉस्पिटलात निघाली, ती कमलाबाई निंबकरांमुळे. त्या जन्मानं अमेरिकन, मूळच्या एलिझाबेथ लंडी. लग्नानंतर त्या इथल्याच झाल्या. १९५२ साली त्यांच्या पुढाकारानं अखिल भारतीय संघटना उभी राहिली, आणि त्याच वर्षी जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हा ज्या दहा देशांनी तो स्थापला त्यांत भारत होता. स्वातंत्र्याला पाच वर्षं झाली होती फक्त. फलटणला त्यांच्या नावाची शाळा आहे, तू गेलीस तर बघून ये. मी मुंबईत शिकत होते तेव्हा त्यांचं नाव आम्ही आदरानं घ्यायचो, पण त्यांनी उचललेलं काम अजून अर्ध्यावर आहे, हे मला खूप उशिरा, नगरला परत आल्यावर उमगलं. आपल्या जिल्ह्यात लोणीला आणि विळद घाटात फिजिओथेरपीची कॉलेजं झाली, त्याचा मला आनंद आहे. माणसाला उभं करणारे हात गावाजवळ आले. उभं राहिल्यावर त्यानं काय करायचं, हे पाहणारे अजून पुरेसे आलेले नाहीत.

जामखेडलाही जाऊन ये. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे काम सुरू केलं. गावातल्या, बहुतेक न शिकलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केलं, हे सगळ्यांना माहीत आहे. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तेही. तिथल्या कृत्रिम पायांच्या कार्यशाळेविषयी मात्र कमी लोक बोलतात. तिथे जयपूर फूट बनवतात. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तो पाय केला, कारण परदेशी धर्तीचे पाय घेऊन गेलेले रुग्ण ते वापरतच नव्हते. त्या पायांना बूट लागायचा. त्यांवर उकिडवं बसता येत नव्हतं, मांडी घालता येत नव्हती, चिखलात अनवाणी उतरता येत नव्हतं. सेठींनी रुग्णाला दोष दिला नाही, पाय बदलला. तुला जे करायचं आहे ते याच जातीचं आहे. त्यांनी पाय केला, तुला माप करायचं आहे.

आणखी एक दार उघडं ठेव. नगर-मनमाड रस्त्यावर शिंगव्याला डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांचं माउली आहे, रस्त्यावर टाकून दिलेल्या मनोरुग्ण स्त्रियांचं घर. हात-पायांच्या दुखापतींत गुंतून आपण विसरतो की आपला व्यवसाय मनाच्या आजारांतूनच उगवला. औषध लागू पडलं, त्यानंतर सकाळी उठून त्या बाईनं काय करायचं? केस विंचरणं, तांदूळ निवडणं, दुसरीला हाक मारणं, यांतलं काय आधी परत येतं? त्यावरही कुणीतरी प्रबंध लिहायला हवा. तुझा ओढा हाताकडे आहे म्हणून मी आग्रह करत नाही, पण एकदा जाऊन बस त्यांच्यात.

आता अडचणी. पहिली मार्गदर्शकाची. आपल्या विषयात पीएचडीला मार्गदर्शन करू शकणारे थोडे आहेत आणि त्यांच्याकडे जागा त्याहून थोड्या. मोठ्या नावाच्या मागे धावू नकोस. जी व्यक्ती तुझा कच्चा आराखडा वाचून त्यावर पेनानं खुणा करून परत देईल, तिच्याकडे जा. हाताच्या शस्त्रक्रिया करणारा एखादा सर्जन आणि ग्रामीण समाजाचा अभ्यास असलेलं कुणीतरी सोबत असेल तर उत्तम. दुसरी अडचण पैशाची. शिष्यवृत्ती मिळेपर्यंत अर्धवेळ नोकरी कर. दादाकडे मागायला संकोचू नकोस, माझ्याकडे तर नाहीच नाही. तिसरी अडचण संमतिपत्राची. समितीला ते लांबलचक हवं असतं, आणि ज्यांच्याकडून घ्यायचं त्यांच्यातले बरेच जण अंगठा उठवतात. अंगठा घेताना त्या कुटुंबाबाहेरचा, मुकादमाचा माणूस नसलेला साक्षीदार बघ. मुकादमासमोर बाई हात दुखतो असं कधीच सांगणार नाही, कारण पुढची उचल त्यावर आहे. तू गोळा केलेली माहिती मुकादमाच्या किंवा कारखान्याच्या हाती कधीही पडता कामा नये. कुणाच्या हातात किती दम उरला आहे याची यादी म्हणजे कुणाची मजुरी कापायची याची यादी होऊ शकते. हे आराखड्यातच लिहून ठेव, समितीनं विचारण्याआधी.

आणि चौथी, जी कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही. तुझे रुग्ण वर्षातले पाच-सहा महिने गावात नसतील. दर तीन महिन्यांनी फेरतपासणी असं तू कागदावर लिहिशील आणि दिवाळीनंतर गावात फक्त म्हातारी माणसं आणि कुलपं दिसतील. मग प्रबंधात लिहावं लागेल की इतके रुग्ण पाठपुराव्यातून गळले. ते गळलेले नसतात, कामावर गेलेले असतात. म्हणून तुझं वेळापत्रक विद्यापीठाच्या सत्रावर न आखता हंगामावर आख. पहिली तपासणी पावसाळ्यात गावात, दुसरी पौषाच्या सुमारास तळावर, ऐन तोडीच्या दिवसांत, तिसरी परतल्यावर. तळावरची तपासणी रात्रीच होईल, कारण पहाटे अंधारात ते फडात गेलेले असतात. सोबत कुणीतरी बाई असू दे आणि चांगली बॅटरी ने.

पीएचडीचं ठरवलंस तरी कोर्सवर्क सुरू व्हायला तुला वेळ आहे. ऑगस्टमध्ये आठ-दहा दिवस इकडे ये. पाथर्डीच्या बाजूच्या दोन गावांतल्या आशाताईंशी मी बोलून ठेवते. त्या ओळखीनं घरात जाता येईल, आणि तेव्हा खुरपणी चालू असेल, हातही बघायला मिळतील. येताना पकड मोजायचा डायनामोमीटर आण, माझ्याकडचा आता नीट चालत नाही. प्रश्नावली आणू नकोस, कोरी वही आण. एमए झालेल्या माझ्या शेजारच्या मुलीला मराठीत मुलाखती उतरवून घ्यायचं काम हवं आहे, तिलाही भेटवीन. अमेरिकेच्या अर्जांची शेवटची तारीख त्याच्या पुढची असेल तर ते अर्ज तोवर तसेच राहू देत, फाडू नकोस.

दादाला आणि वहिनीला नमस्कार. वहिनीला म्हणावं, लोणच्याची बरणी पोचली.

तुझी,
आत्या